माशाचा पान्हा

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यापासून थोडं पुढं, भाजीच्या रांगा संपतात तिथं, मासे घेऊन बसणाऱ्या एका मावशींकडून मी बरीच वर्षं चिलापी घ्यायचो. पैठणच्या बाजूनं, नाथसागरातून आलेली. एकदा टोपलीतला मासा हातात घेऊन कल्ला बघायला जबडा दाबला, तर तोंडातून ज्वारीच्या कण्यांसारखे पिवळसर दाणे माझ्या तळहातावर पडले. मी दचकलो. मावशी मुळीच दचकल्या नाहीत.

"अंडे हायेत दादा. तोंडातच लेकरं वागवती ती. तवर काय खात नाई."

'वागवती' हा शब्द मला त्या दिवसापासून सोडत नाही. तोंडात शे-दोनशे अंडी घेऊन ही मासोळी दहा-बारा दिवस, कधी त्याहून जास्त, उपाशी राहते. अंडी फुटतात, पिल्लं पोहायला लागतात, पाण्यात जरा सावली हलली की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. गिळायचं म्हटलं तर जीभही हलवावी लागणार नाही. ती गिळत नाही. का गिळत नाही? हे कुणी, कधी, कुठून शोधून काढलं, याचा माग काढत मी बराच हिंडलो. आणि गंमत अशी, की त्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा माशाचा नव्हताच. तो कबुतराचा होता, आणि कबुतरं शहागंजात हवी तेवढी आहेत.

आपल्याकडं लेकरू वागवण्याच्या या गोष्टीचा विचार फार जुना आहे. चाणक्यनीतीत सज्जनांच्या संगतीची थोरवी सांगताना तीन आयांचा दाखला येतो: मासोळी पिल्लांना नजरेनं वाढवते, कासवी ध्यानानं, पक्षीण स्पर्शानं. मराठी संतांनी ही नजर मासोळीकडून काढून कासवीला दिली. कासवी पैलतीरावरून नुसतं बघते आणि पिल्लं पोसली जातात, हा दृष्टान्त वारकऱ्यांच्या घराघरांत आहे. प्रत्यक्षात कासवी अंडी वाळूत पुरून निघून जाते, पुन्हा वळून बघत नाही. दृष्टान्ताला याचा काही बाध येत नाही, त्याचं काम वेगळं आहे. पण मासोळीच्या बाबतीत तो मूळ श्लोक खरेपणाच्या फार जवळ होता. पिल्लांवर डोळा ठेवून असणारे मासे खरोखरच आहेत, आणि ते आपल्या गोदावरीत आहेत.

शेजारच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणात, बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. कोणता मासा नदीत राहतो, कोणता समुद्रात, कुणाला खवले आहेत, कुणाला नाहीत, गळाला कोणतं खाद्य लावावं, हे सगळं राजानं मन लावून नोंदवलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या प्रकरणावर लेख लिहून ते विज्ञानाच्या लोकांसमोर आणलं. राजाला मासा पकडायचा होता, म्हणून त्यानं मासा नीट पाहिला. माशाबद्दलचं बरंचसं ज्ञान असंच गळाच्या टोकावर आलेलं आहे.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं त्याच्या सुमारे पंधरा शतकं आधी एक चमत्कारिक गोष्ट लिहून ठेवली होती. ग्लानिस नावाच्या शिंगाड्याच्या जातीच्या माशात मादी अंडी घालून निघून जाते आणि नर चाळीस-पन्नास दिवस अंड्यांवर पहारा देतो, असं तो म्हणाला. युरोपातल्या विद्वानांनी ही भाकडकथा ठरवली, कारण त्यांच्या ओळखीचा शिंगाडा असं काही करत नव्हता. एकोणिसाव्या शतकात लुई अगासी यांनी ग्रीसमधल्या एका नदीतले मासे मागवून पाहिले, तर ती जातच वेगळी निघाली. ॲरिस्टॉटल बरोबर होता. आज त्या माशाच्या शास्त्रीय नावात ॲरिस्टॉटलचं नाव आहे. मला या गोष्टीत मोल वाटतं ते एवढ्याचं की बाप पिल्लं राखतो हे पहिल्यांदा लिहिलं गेलं तेव्हा ते सुमारे दोन हजार वर्षं कुणाला पटलं नाही.

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी केली ती विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्यानं. 1824 पासून तो मुंबई इलाख्याच्या आकडेवारीच्या कामावर दख्खनभर फिरला, भीमेच्या आणि मुळा-मुठेच्या काठच्या लोकांना विचारत गेला, आणि 1839 मध्ये त्यानं जी नावं दिली त्यांतली कितीतरी सरळ मराठी आहेत. खुद्री, शिंगटी, फुलुंगी ही नावं लॅटिनच्या पोशाखात आजही जगभरच्या ग्रंथांत आहेत. त्याच्या यादीत मरळही आहे. पण मरळ काय करते, हे फ्रान्सिस डे यांच्या 1875 ते 1878 या काळात निघालेल्या 'द फिशेस ऑफ इंडिया'मध्ये सापडतं. म्हैसूरकडच्या निरीक्षणांवरून त्यांनी लिहिलं, की मरळ पाणवनस्पतींत जागा साफ करून घरटं करते, नर अंड्यांवर पहारा देतो, आणि तो मारला गेला तर मादी त्याची जागा घेते. तळ्याकाठच्या कुठल्याही भोयाला हे ठाऊक आहे. लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात लोळासारखा फिरताना दिसला, की त्याच्या खाली हातभर अंतरावर बाप असतो. मरळीच्याच कुळातली चन्ना गाचुआ ही लहान जात तर पिल्लं तोंडात वागवते, आणि तिथंही वागवणारा बापच असतो.

हे सगळं पाहणं झालं. आत काय घडतं, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबते. आपल्या शाळेच्या पुस्तकांत तिला पियुषिका म्हणतात. पीयूष या संस्कृत शब्दाचा एक अर्थ व्यायलेल्या गाईचं पहिलं दूध, म्हणजे आपला चीक. त्या नावात दूध कसं येऊन बसलं हे बघून मी थक्क झालो, कारण 1928 साली स्ट्रासबुर्गमध्ये श्ट्रिकर आणि ग्रूटर यांनी पियुषिकेचा अर्क सशिणीला टोचला, तेव्हा तिला दूध आलं. दूध आणणारा तो पदार्थ नेमका काय, हे शोधताना अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर इथं ऑस्कर रिडल आणि त्यांचे सहकारी कबुतरांकडे वळले.

कबुतराला दूध येतं. शहागंजच्या जुन्या मशिदीभोवती दाणे टाकणाऱ्या माणसांनाही हे सहसा माहीत नसतं, पण ज्यांनी गच्चीवर कबुतरं पाळली आहेत त्या कबुतरबाजांना माहीत असतं. कबुतरांच्या गळ्याशी दाणे साठवायची पिशवी असते, तिला पेटी म्हणा हवं तर. अंडी उबवण्याचे दिवस भरत आले की या पिशवीचं अस्तर जाड होतं, त्याच्या पेशी चरबीनं भरतात आणि सुटून पडतात. हा दह्यासारखा घट्ट ऐवज पिल्लाच्या चोचीत ओतला जातो. आणि हे दूध नरालाही येतं, मादीलाही येतं. दोघं पाळीपाळीनं पाजतात.

रिडल यांना दिसलं, की सशिणीला दूध आणणारा पियुषिकेचा तोच पदार्थ कबुतराची ही पिशवी फुगवतो. त्यांनी 1932-33 च्या सुमारास त्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिलं. पुढं कितीतरी वर्षं एखाद्या अर्कात प्रोलॅक्टिन आहे का, हे मोजायचं असलं की कबुतराला टोचायचं आणि पिशवी किती जाड झाली ते बघायचं, हीच रीत होती. रिडल यांच्या चमूनं कोंबड्यांना ते टोचलं, तर त्या खुडूक झाल्या, अंड्यांवर बसल्या. म्हणजे हा पदार्थ नुसतं दूध आणत नव्हता. वागणंही बदलत होता.

इथून माशाकडं यायला फार वेळ लागला नाही. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1938 मध्ये ज्वेल फिश या आफ्रिकी माशाला प्रोलॅक्टिन टोचलं, तर पिल्लं राखण्याचं वागणं दिसलं. पण दुसरे काही पदार्थ टोचूनही तेच दिसलं, त्यामुळं गाठ सुटली नाही. त्यात आणखी एक गुंता होता. माशाच्या पियुषिकेचा अर्क कबुतराला टोचला, तर कबुतराची पिशवी ढिम्म हलत नव्हती. मग माशाकडं प्रोलॅक्टिन आहे तरी का? मापच जर कबुतराचं, तर मासा त्यात नापास होणारच. एकाच्या अंगाचं माप दुसऱ्याला लावलं की काय होतं, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

उत्तर आलं ते भलत्याच बाजूनं. येल विद्यापीठात ग्रेस पिकफोर्ड किलिफिश या लहान माशांची पियुषिका काढून टाकत आणि ते किती जगतात ते पाहत. खाऱ्या पाण्यात ते जगत, गोड्या पाण्यात मरत. 1959 मध्ये पिकफोर्ड आणि फिलिप्स यांनी दाखवलं, की अशा माशाला प्रोलॅक्टिन टोचलं, तर तो गोड्या पाण्यातही जगतो. कारण साधं आहे. गोड्या पाण्यात माशाच्या अंगातलं मीठ सतत बाहेर झिरपत असतं आणि पाणी आत घुसत असतं. प्रोलॅक्टिन हे मीठ धरून ठेवतं. कल्ले, कातडी, मूत्रपिंड, सगळीकडं बंदोबस्त करतं. कातडीवर बुळबुळीत थर जाड करणं हाही त्याच बंदोबस्ताचा भाग.

मला या सगळ्या शोधात ही जागा सर्वांत श्रीमंत वाटते. ज्याला आपण दुधाचं संप्रेरक म्हणतो त्याचा माशातला धंदा मीठ राखण्याचा आहे. जीव ओसरू न देण्याचा. आणि मग तोच बुळबुळीत थर काही माशांमध्ये पिल्लांचं अन्न झाला. ॲमेझॉनच्या डिस्कस माशाची पिल्लं आईच्या आणि बापाच्या अंगाला चिकटून त्यांची कातडी चरतात, हे हिल्डमन यांनी 1959 मध्येच लिहिलं. ब्ल्यूम आणि फीडलर या जर्मन संशोधकांनी 1965 मध्ये दाखवलं, की डिस्कसला प्रोलॅक्टिन टोचलं, तर कातडीवर तो थर वाढतो आणि मासा कल्ल्याजवळचे पर हलवून अंड्यांवर पाणी खेळवायला लागतो. कबुतराचं दूध गळ्यातून सुटतं, डिस्कसचं कातडीतून, म्हशीचं आचळातून. वस्तू वेगळ्या, पण निरोप घेऊन येणारा तोच. आपल्याकडं कोकण-गोव्यात खाडीत मिळणारा काळुंदर याच थोरल्या घराण्यातला, तोही जोडीनं पिल्लं राखतो.

अंड्यांवर पाणी खेळवणं ही गोष्ट नीट पाहिली ती हॉलंडमध्ये. तीनकाटी स्टिकलबॅक या बोटभर माशाचा नर घरटं बांधतो, मादी अंडी घालून जाते, आणि पुढं दिवसरात्र तो परांनी पाणी ढकलत अंड्यांना हवा पुरवतो. निको टिनबर्गन यांनी या माशावर वर्षानुवर्षं काम केलं, 1973 चं नोबेल त्यांना कॉनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत मिळालं. घरट्यातलं पाणी कोंदलं, कर्बवायू वाढला की नर जास्त जोरानं वारा घालतो, हेही दिसून आलं. म्हणजे संप्रेरक हे काही दिव्याचं बटण नव्हे. अंडी समोर असणं, त्यांचं श्वास घेणं, हे बापाच्या अंगात जातं आणि त्याला कामाला लावतं. घरटं बांधताना त्याच्या रक्तात पुरुषी संप्रेरकाचा जोर असतो, अंडी राखायला लागला की तो ओसरतो.

आता मेंदूकडं. प्रोलॅक्टिनला मेंदूतून लगाम घालतो तो डोपामिन. हा लगाम सैल झाला की प्रोलॅक्टिन वाहतं. दुसरी गोष्ट ऑक्सिटोसिनची. हे नाव मराठवाड्यातल्या प्रत्येक गोठ्यात पोचलेलं आहे. म्हशीनं पान्हा चोरला की लोक सर्रास ते टोचतात, आणि ते गैर आहे, जनावराच्या जिवाला घातक आहे, कायद्यातही बसत नाही. हेन्री डेल यांनी 1906 मध्ये त्याचा पहिला माग काढला, व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 मध्ये त्याची रचना उलगडली, 1955 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नऊ अमिनो आम्लांची ही छोटी साखळी. माशाच्या मेंदूत याच साखळीचा भाऊ आहे, नऊपैकी दोन मणी तेवढे वेगळे. त्याला आयसोटोसिन म्हणतात.

अमेरिकेत 2012 मध्ये लॉरेन ओकॉनेल आणि सहकाऱ्यांनी जोडीनं राहणाऱ्या एका सिक्लिड माशाच्या बापाकडं पाहिलं. आयसोटोसिनचा मार्ग औषधानं अडवला, तर बापाचं पिल्लं राखणं मंदावलं. 2017 मध्ये इलिनॉय विद्यापीठात क्लाउनफिशवर, म्हणजे मुलांच्या सिनेमातल्या निमोच्या बापाच्या जातीवर, तसंच केलं. आयसोटोसिन अडवलं की काळजी कमी झाली. आणि त्याचाच दुसरा भाऊ व्हॅसोटोसिन अडवला, तर काळजी वाढली. एक हात पिल्लांकडं ओढतो, दुसरा बाहेरच्या शत्रूकडं. राखणदाराला दोन्ही लागतात.

वर्तमानपत्रं ऑक्सिटोसिनला प्रेमाचं संप्रेरक म्हणतात. मला ते पटत नाही. हाडामासाच्या काळजीला इतकं स्वस्त नाव देऊ नये. हाडं असलेल्या माशांची जेवढी कुळं आहेत, त्यांतल्या पाचातल्या एका कुळाच्या आसपास पिल्लं राखण्याची रीत आहे, आणि राखणारा एकटा असेल तर तो बहुधा बाप असतो. पान्हा ही आईची मक्तेदारी आपण मानतो. माशांचा हिशोब तसा नाही.

या कहाणीचा एक धागा आपल्या देशातही विणला गेला, आणि तो नाथसागरापर्यंत येतो. कटला, रोहू, मृगळ हे आपले मोठे मासे. पावसाळ्यात नदीला पूर आला की अंडी सोडतात आणि निघून जातात. एका किलोच्या रोहूला लाख-दोन लाख अंडी, पण राखणारं कुणी नाही. तळ्यात बंद केले तर ते अंडीच घालत नाहीत. हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुळ इथं पियुषिकेचा अर्क टोचून 10 जुलै 1957 रोजी त्यांना तळ्यात अंडी घालायला लावलं. तो दिवस आज देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. पुढं मेलेल्या माशांच्या डोक्यातून ग्रंथी काढायची दगदग संपली. मत्स्यबीज केंद्रांत आता ओवाप्रिमसारखी सुई वापरतात. तिच्यात एक संप्रेरक असतं आणि दुसरं डोम्पेरिडोन, तेच ओकारीवरचं औषध. ते डोपामिनचा लगाम सैल करतं. त्याच गुणामुळं त्या गोळीनं बाळंतिणीचं दूधही वाढतं. मासा अंडी सोडतो आणि आईला पान्हा फुटतो, दोन्हीकडं सोडला जातो तो एकच लगाम.

जायकवाडीचं धरण 1976 मध्ये पुरं झालं. गोदावरी थांबली, नाथसागर झाला, आणि त्यात कटला-रोहूचं बीज सोडलं जाऊ लागलं. चिलापी त्याआधी, 1952 मध्ये, परदेशातून देशात आणली गेली होती. तिला बीज सोडावं लागलं नाही. थोडी अंडी, पण तोंडात राखलेली. जिथं पोचली तिथं ती माजली, आणि आज बाजारात टोपल्या तिनं भरलेल्या असतात. इथल्या माशांना तिनं मागं सारलं याचं मला दुःख आहे. पण तिचं बळ कशात आहे ते बघायला हवं. ते तिच्या तोंडात आहे.

आमच्या मावशींना यातलं काही वाचायला मिळालं नव्हतं. 'तवर काय खात नाई' हे मात्र त्यांनी पुस्तकांच्या आधीच पाहिलं होतं, आणि बरोबर पाहिलं होतं. त्या दिवशीची चिलापी मी घेतली नाही. तळहातावरच्या कण्या टोपलीतल्या ओल्या फडक्यावर ठेवून दिल्या.

चिलापीची काळजी आपण करायची गरज नाही. मरळीची आहे. पावसाळ्यात तळ्याकाठी लालसर पिल्लांचा थवा दिसला, तर त्याच्या खाली जो आहे त्याला धरू नका, आणि बाजारात त्या दिवसांत मोठी मरळ दिसली तर घेऊ नका. राखणारं कुणी उरलं नाही, की ती पिल्लं बेडूक, पाणसाप आणि बगळे संपवतात.